तळ्याभोवतीची सपाट वाट

...आणि सपाट म्हणजे काय हो, सपाट म्हणजे? तुम्हाला सांगते, ज्याने ती पाटी लिहिली ना, 'सपाट वाट, बाबागाडीसाठी सोयीची', त्याने जन्मात बाबागाडी ढकललेली नाही. बाळसुद्धा फोटोतच पाहिलं असणार. पण पाटीला तरी कशाला बोल लावू? मूळ जाऊबाई. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "सात महिने झाले की गं, अजून पोरीला घेऊन एकटी बाहेर पडली नाहीस? तळ्याला चक्कर मारून ये. मी दोघांना घेऊन जायचे. काही नसतं त्यात." त्यावर आमचे हे, "मी येऊ का सोबत?" आता या 'येऊ का'मध्ये किती अविश्वास भरलेला असतो, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. म्हटलं, नको. एकटी जाणार, अख्खी चक्कर मारणार, कुणालाही फोन करणार नाही. बोलून बसले.

तर निघाले. गाडीत आमचं बोचकं, म्हणजे लेक, बोचक्याखाली दोन दुपटी, वर एक, खालच्या जाळीत डायपर, गरम पाण्याचा थर्मास, गार पाण्याची बाटली आणि थर्मामीटर. हसू नका. तळ्याकाठी ताप येत नाही, असं कुणी लिहून दिलंय?

दारातच फिरतं लोखंडी फाटक. सायकली आत येऊ नयेत म्हणून. सायकलवाले सायकल डोक्यावर धरून आरामात आत, अडकली कोण, तर बाबागाडी. मग तिला ब्रेक लावला, बोचकं काखोटीला मारलं, गाडी तिरकी करून ओढली, तर थर्मास घरंगळत निघाला तळ्याकडे... काही नसतं त्यात.

पुढे झाडांची मुळं. मग खडी. मग पायऱ्या. तीनच, पण सपाट वाटेला? आणि गाडी अशी जड, अशी जड, की काय सांगू. दुकानदार म्हणाला होता, "ताई, एका बोटाने चालते." ते बोट मला एकदा दाखवा. मागून पळणारे येतात, कानात काहीबाही खुपसून, "डावीकडे व्हा, डावीकडे." अरे, डावीकडे तळं आहे. बाकावरच्या आजी म्हणतात, "टोपी घाल गं तिला, वारा आहे." घातली. पन्नास पावलांवर दुसरा बाक, दुसऱ्या आजी, "काढ ती टोपी, घामेजलीय लेकरू." काढली. या बायका एकदा आपापसांत ठरवून का घेत नाहीत? आणि मी, एवढ्या पदव्या घेतलेली, दोघींचंही ऐकलं.

अर्ध्या वाटेत बोचक्याने भोकाड पसरलं. मला वाटलं, आपणही पसरावं. फोन काढला, यांचा नंबर लावायला अंगठा वर धरला... तेवढ्यात काठावर गळ टाकून बसलेला एक मासेवाला, मानसुद्धा न वळवता, "बाई, ब्रेक काढा."

"काय?"

"मागच्या चाकाचा. मघापासून फरफटत आणताय. मासे पळाले."

खाली पाहिलं. खटका दाबलेला. फाटकापासून. म्हणजे दीड किलोमीटर मी मुळांना, खडीला, दुकानदाराला, त्याच्या बोटाला नावं ठेवत होते आणि... जाऊ दे. खटका उचलला, तर गाडी अशी सुटली की मीच मागे राहिले. बोचकं गप्प. दहा पावलांत झोपलं. फोन पिशवीत गेला. तरी पायऱ्या होत्याच, बरं का. पायऱ्यांना ब्रेक नसतो.

आले फाटकाशी. कुणालाही फोन न करता. केसांत काटक्या, चपलेचा अंगठा तुटलेला, दुपट्यांतलं एक कमी. आणि समोरून एक मुलगी, गाडी नवी कोरी, आत मूठभर बाळ, डोळ्यांवरून दिसत होतं की महिनाभर झोप नाही. पाटी वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, जमेल का हो मला एकटीला?"

आता खरं सांगायचं. फाटक, मुळं, खडी, टोपी, सगळं. त्यासाठीच तर तोंड उघडलं. पण ती अशी बघत होती, जणू मला येतंय सगळं. सात महिन्यांत कुणी तसं बघितलं नव्हतं हो माझ्याकडे. आणि तोंडातून आवाज निघाला तो हुबेहूब जाऊबाईंचा, "जा गं. काही नसतं त्यात."

फाटक धरलं मी तिच्यासाठी, तेवढं केलं. ब्रेक लावून, बाळ काखोटीला मारून, गाडी तिरकी करून शिरली आत आणि लागली ढकलायला. ब्रेकचं सांगायला हवं होतं तिला. पण लगेच विचारलं असतं तिने, ताई, तुम्हाला कसं माहीत?