कळलावीचं दुसरं नाव

उज्ज्वला : माय, याचा कंद कुठाय? कॉलेजात दाखवायला इच्छापोर गावातल्या शेताच्या कुंपणावरून उपटून आणली होती ही वेल. दाबून ठेवलेल्या पेपरात फूल आहे, पानं आहेत, खालचा कंदच कापलाय.

पुष्पाबाई : मीच कापला. तुझी वहिनी पहाटपासून कळा देऊन राहिली, पोर खाली येत नही. कंद तिच्या मांडीले बांधला. आमच्या गावले असंच करतस. म्हणून तर या वेलीले कळलावी म्हणतस.

उज्ज्वला : नुसता बांधलाय ना?

पुष्पाबाई : दुपारपर्यंत. मग तू काल वाचलं ते आठवलं. काय ते इंग्रजी नाव?

उज्ज्वला : इंग्रजी नाही, लॅटिन. ग्लोरिओसा सुपर्बा. पहिल्याचा अर्थ वैभवानं भरलेली. दुसऱ्याचा दिमाखदार, ताठ मानेची. त्याचं काय?

पुष्पाबाई : शिकेल माणसं एवढं मोठं नाव उगाच ठेवतीन का? मी सुनेले, चंचलले म्हटलं, जी बांधून इतकी गुणाची, ती पोटात गेली तर लवकर मोकळी होशील.

उज्ज्वला : काय केलंस तू?

पुष्पाबाई : सहाणेवर उगाळली. मधात चाटवली. दोन चमचे.

उज्ज्वला : ते नाव फुलावरून पडलंय माय. कंद जहर आहे. पुस्तकात पुढच्याच ओळीत होतं. वहिनीला फूल आवडलं म्हणून मी नुसता अर्थ सांगत बसले, पुढची ओळ वाचलीच नाही.

पुष्पाबाई : आमची सुईणही कधी पोटात देत नव्हती. माले का नही आठवलं?

उज्ज्वला : किती वेळ झाला?

पुष्पाबाई : तुझा दादा योगराज हजीऱ्याच्या कंपनीच्या गाडीत बसला, तवा. तीन घंटे झाले.

उज्ज्वला : खाली जा, रिक्षा थांबव. कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याला दादाच्या कंपनीत फोन लावायला सांग. उरलेला कंद पदरात बांध, डॉक्टरला दाखवावा लागेल. वहिनी, ऊठ, दवाखान्यात जायचंय. उलटी झाली का?

चंचल (आतून) : दोनदा झाली, ताई. ओठाले मुंग्या येऊन राहिल्या. पण आत्याबाईंच्या औषधानं गुण आला. कळ बिलकुल गेली.

उज्ज्वला : आणि बाळ?

चंचल : सकाळपासून लाथा मारत होतं. आता कसं शांत झोपलंय.