उजव्या बाजूची चीर

ठोकू दे हो त्याला, साहेब, तुम्ही माशाचे काटे मोजा! दाराला बर्फाची पेटी लावलीय आणि पेटीवर मी बसलेय — हे वजन हलवणारा अजून जन्माला यायचाय. दादा आहे तो माझा, सख्खा. हातात बर्फ फोडायची मोगरी आणि डोक्यात राख. नाही नाही, तुमच्यावर कशाला चिडेल, माशावर चिडलाय. — ए दादा, बोंबलू नकोस, हा मासा तुला मिळायचा नाही! — मागचे दोन तुम्हाला कसे मिळाले, आठवतंय ना? बादलीत नुसता लगदा. तुम्ही म्हणालात, बाई, यात मी ठिपके कुठे शोधू? आता घ्या, दातांपासून शेपटीपर्यंत अख्खा. नोंदवा एकदाचा, की हा बाहेरचा मासा आपल्या किनाऱ्याला लागलाय. नोंद झाली की बंदरावर फोटो लागेल, माणसं सावध होतील. नाहीतर तुमच्या मत्स्यखात्यातले मोठे साहेब म्हणतच राहणार, असला मासा आपल्याकडे नाहीच. नाहीच काय! मग दादाची दोन बोटं काय उंदरानं नेली?

जाळं ओढत होता, कट्कन आवाज आला. एवढंच. दुसऱ्या हातानं त्यानं मासा धरला आणि फळीवर आपटला — मेला तरी आपटत होता, रक्त माशाचं कुठलं आणि त्याचं कुठलं कळेना. तेव्हापासून दिसला की ठेचतो. आधी असा नव्हता हो. वहिनी होती तोवर राग उंबऱ्याबाहेर ठेवून यायचा, तिनं नुसतं ‘अहो’ म्हटलं की गप्प. ती बोटं तुटायच्या महिनाभर आधी गेली. चांगली जेवली, ओठांना मुंग्या आल्यात म्हणाली, मग जीभ जड, मग हात उचलेना — डोळे उघडे, सगळं कळत होतं तिला, पण श्वास काही घेता येईना. डॉक्टर म्हणाला, हृदय. दादानं दवाखान्याची काच फोडली, कंपाउंडरचे दात पाडले. चौकीत बसवला तरी ओरडत होता, ज्याच्यामुळे माझी बायको गेली तो सापडू दे, हातानं फाडतो त्याला! कोण सापडणार? म्हणून माशांवर भागवतो झालं.

हे काय, तोंड डावीकडेच का? सगळे तसाच ठेवतात? आणि चीर उजव्या बाजूला — म्हणजे फोटोत दिसायला नको. बरं आहे तुमचं. आम्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पोट फाडतो, कसली डावी न् कसली उजवी. द्या इकडे, मीच देते चीर, माझं रोजचंच काम आहे. दचकू नका, दाराची एक फळी तडकली नुसती. हं — अगं बाई, भरलेली आहे की! केवढी गाबोळी, नुसती अंडीच अंडी! अहो, हात का झटकता माझा? गाबोळी कापणारीची असते, आमच्यात तसंच आहे, गिऱ्हाईक मासा नेतं आणि —

काय म्हणालात?

विष? गाबोळीत? मांसात नाही एवढं, पण काळजात आणि गाबोळीत... शिजवून जात नाही? मुंग्या येतात आधी — पुढचं नका सांगू, पुढचं मी बघितलंय.

थांबा, थांबा जरा. पहिला कुठं मिळाला, विचारत होता ना तुम्ही सकाळी? इथंच. याच ओट्यावर मीच कापला. नवा मासा, पांढरंशुभ्र मांस, कुणाला ओळखू येईना. मांस आम्ही सगळ्यांनी खाल्लं, कुणाला काही झालं नाही, म्हणून तर शंकाच आली नाही हो! गाबोळी मात्र मी वहिनीसाठी ठेवली. चौथा महिना लागला होता तिला — म्हटलं, अंगात ताकद येईल. मीच तळली. ती म्हणत होती, वन्सं, तुम्हीही घ्या ना थोडी. मी म्हटलं, गप खा, दोन जिवांची आहेस. पुरे पुरे म्हणत होती आणि मी भरवत होते — या हातानं — शेवटचा घाससुद्धा हट्टानं — देवा रे, मी काय केलं हे! तो ज्याला शोधत फिरतोय ती मी, रोज त्याला वाढणारी मी —

हळू. बोलू नका. ठोकणं थांबलंय.

केव्हा थांबलं? तुम्ही ऐकलंत का, केव्हा थांबलं? ती फळी मघाशी तडकली ना, तिथंच उभा आहे तो, सावली बघा.

दादा? ...दादा, ऐकलंस तू?

साहेब, मासा डब्यात घाला. अख्खा आहे, आता कुणी नाही म्हणायचं नाही तुम्हाला. फोटो मोठा लावा, आणि गाबोळीचं ठळक लिहा, लांबून वाचता येईल असं. मागं पाण्याकडे दार आहे, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, जपून उतरा. मी? नाही, मी नाही येत. ही सुरी तेवढी न्या बरोबर. माझ्या हातातही नको आणि त्याच्याही. अहो, उभे काय राहिलात, निघा म्हणते ना!

दादा, मोगरी खाली ठेव नाहीतर नको ठेवूस. पेटीवरनं उठलेय मी. ढकल दार.