सुया टोचल्या की झोप येते म्हणे!

...आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, हलू नका!" अहो, पायात सुया, मनगटात सुया, भुवयांच्या मधोमध एक सुई, हलतोय कोण? आणि हे सगळं कशाला, तर मला झोप यावी म्हणून! तुम्हाला सांगतो, मला काही कळतच नाही!

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर असतो, म्हणजे ट्रकचं वजन करतो. जन्म गेला काट्यामागच्या खोलीत. मग आमची वसुंधरा म्हणाली, "आता तरी शांत जागी राहू हो." घेतलं पनवेलच्या टोकाला घर. इतकं शांत, की पाल चुकचुकली तरी दचकायला होतं! तिथे गेलो आणि झोपच उडाली. रात्रभर पंख्याकडे बघायचं, दिवसा काट्यावर पेंगायचं. मालक म्हणाला, "दयाराम, अजून एकदा पेंगलास तर काट्यावर दुसरा माणूस!"

म्हणून या डॉक्टर फहमिदांकडे आलो. तर म्हणतात, "काका, तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय. टेन्शन घेतलं की ते वाढतं, ते वाढलं की झोप जाते." झालं! मला त्या कॉर्टिसॉलचंच टेन्शन! म्हणजे ते आणखी वाढणार... मग करायचं काय? "काही नाही, डोकं रिकामं ठेवा." अहो, काट्यावरून ट्रक उतरतो तसं डोकं उतरवून ठेवू का? मला काही कळतच नाही!

तर पडलोय सुया टोचून, बाईंनी लावलंय झऱ्याचं संगीत... खळखळ, खळखळ... झोप कसली, लघवीला लागली! आणि हलायचं नाही! तेवढ्यात खाली रस्त्यावर एक ट्रक मागे यायला लागला... टीं-टीं-टीं... क्लीनर ओरडतोय, "आने दे, आने दे, आने दे..." आणि काय सांगू, मी घोरायलाच लागलो हो!

जागा झालो तर डॉक्टर खूश. "माशाल्ला, काका! सुया लागू पडल्या!" वसुंधरा म्हणते, "माझे सोमवार फळाला आले." मी म्हणतोय, अगं, तो ट्रक... पण ऐकतंय कोण?

मग मीच काट्यावरून तो आवाज मोबाइलमध्ये भरून आणला. रात्री उशाशी लावायचा, टीं-टीं-टीं, आने दे, आने दे, की मी ठार! दिवसा काट्यावर टक्क जागा. दुसरा माणूस आणायचं मालक विसरलाच.

सुया अजून चालूच आहेत. फक्त आता त्या वसुंधराला टोचतात. मी बाहेर बाकावर बसतो, आणि आतून डॉक्टरांचा आवाज येतो, "काकू, टेन्शन घेऊ नका... काकांना बघा, कसा गुण आला!"