पित्तनळीचा दुसरा फोटो

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या दवाखान्याचे शल्यचिकित्सक डॉक्टर प्रभाकरराव देशकर, व्यासपीठाची शोभा वाढवणारे विश्वस्त आदरणीय भैयाजी कोल्हे, आजच्या सत्कारमूर्ती, ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख सिस्टर सुलोचनाबाई भोयर, माझे सहकारी, आणि हिंगणघाटातून नि आजूबाजूच्या खेड्यांतून जेठाच्या या उन्हात डोक्याला पंचे गुंडाळून आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी हरिदास झाडे. दवाखान्यात एक्स-रेचे फोटो काढतो. सेवकवर्गाच्या वतीनं दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. वास्तविक माझं काम अंधाऱ्या खोलीतलं. एवढ्या उजेडात, एवढ्या लोकांसमोर उभं राहण्याची सवय नाही. अध्यक्षमहाराजांनी दहा मिनिटं दिली आहेत. दहा मिनिटं! आमचा अख्खा धंदा सेकंदांचा. दहा मिनिटांत आम्ही माणसाचं हाडन् हाड मोजून परत करतो.

आमच्या कचेरीचे बडेबाबू अण्णाजी यांनी माझ्यासाठी हे चार पानी भाषण लिहून दिलं आहे. त्यात सिस्टरांना 'सेवेची मूर्तिमंत गंगा' म्हटलं आहे. अण्णाजी, भाषण फार सुंदर आहे, पण गंगेबरोबर मी सहा वर्षं काम केलेलं नाही. मी सुलोचनाबाईंबरोबर केलं आहे. तेव्हा ही पानं मी घडी करून खिशात ठेवतो. राग नसावा.

बावन्न साली आपल्याकडे एक्स-रेचं यंत्र आलं. त्याच साली केळझरहून सिस्टर आल्या. यंत्राची मिरवणूक निघाली, त्याला हार घातले, नारळ फोडला. सिस्टर एक पत्र्याची पेटी घेऊन टांग्यातून उतरल्या आणि सरळ थिएटरात जाऊन तिथली घाण पाहून ओरडल्या. त्यांच्या आगमनाचा समारंभ तेवढाच झाला. आज निरोपाचा थाटात होतो आहे. आपल्या लोकांची ही रीतच आहे म्हणा, माणूस निघाला की आपल्याला हार सुचतो.

आता जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत असेल की सिस्टरांचा आणि एक्स-रेवाल्याचा काय संबंध? तो सांगणं भाग आहे. यकृतातून पित्त आतड्यात नेणारी एक नळी असते. बोरूएवढी जाड. तिच्यात खडा अडकला की माणूस हळदीसारखा पिवळा होतो. डॉक्टरसाहेब पोट उघडून तो खडा काढतात आणि नळीत एक रबरी नळी ठेवून तिचं टोक पोटाबाहेर आणतात. बाराव्या दिवशी त्या रबरी नळीतून पिचकारीनं औषध सोडायचं आणि फोटो काढायचा. औषध फोटोत पांढरं उमटतं. वाट मोकळी दिसली की रबरी नळी ओढून काढायची, माणूस घरी. एखादा खडा मागं राहिलेला दिसला, तर पोट पुन्हा उघडायचं.

पिचकारी सिस्टरांच्या हातात, यंत्राचं बटण माझ्या. हे काम साहेबांनी विश्वासानं आम्हा दोघांवर सोपवलं होतं. आणि त्याची वेळ ठरलेली, दुपारी बारा ते साडेबारा. का? तर कपाशीच्या हंगामात जिनिंगची यंत्रं सुरू असली की गावाची वीज दबते, फोटो धुरकट येतो. बाराचा भोंगा झाला, मजूर भाकर खायला बसले, की आमच्या यंत्रात जीव यायचा. साडेबाराच्या भोंग्याला पुन्हा जायचा. हिंगणघाटातली सगळी माणसं जेवत असायची तेव्हा आम्ही दोघं माणसांच्या आतल्या वाटा पाहत असायचो. सहा वर्षांत दुपारचं जेवण वेळेवर झाल्याचं मला आठवत नाही. आणि त्याचं कधी वाईट वाटल्याचंही आठवत नाही.

मी शिशाच्या पडद्यामागं. बाई रोग्याजवळ, अंगावर तो दहा शेरांचा शिशाचा झगा. मी म्हणायचो, "श्वास घ्या. धरा. हलू नका." मग बटण. मग, "सोडा." पडद्याला एक लहानशी काच आहे. तिच्यातून मला दिसायचं की रोग्याबरोबर बाईही श्वास धरायच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. फोटो त्यांचा नव्हता. पण माणूस अवघडला की त्याच्याबरोबर आपणही थोडं अवघडायचं, हा त्यांचा स्वभाव. आणि का कोण जाणे, त्या धरायच्या म्हणून मीही धरू लागलो. एका फोटोसाठी आम्ही तिघं श्वास धरत होतो, याची दवाखान्यात कुठं नोंद नाही.

आता गिरडच्या नत्थूजींची गोष्ट. ते इथंच बसले आहेत. नाही नाही नत्थूजी, उठू नका, बसा. अहो, सदरा वर करून टाके दाखवायची गरज नाही, सभेत बायाबापड्या आहेत.

चौपन्नचा पौष. नत्थूजींचं ऑपरेशन झालं, बारावा दिवस उजाडला. त्या दिवशी हातपाय मोडलेले रोगी आधी आले आणि आमची वेळ सरत आली. सव्वाबारा झाले, वीस मिनिटं झाली. पिचकारी भरली की ती उभी धरून टिचक्या मारायच्या, म्हणजे आतली हवा वर येते आणि काढून टाकता येते. बाईंनी दोन टिचक्या मारल्या आणि मला विचारलं, "हरिदासजी, अजून एक डाव पाहू काय?" मी पडद्यामागून ओरडलो, "बाई, भोंगा होईल! सोडा औषध!"

फोटो उत्तम आला. नळ्यांचं पांढरं झाड स्पष्ट. आणि त्याच्या बुंध्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा, एक गोल काळा ठिपका.

डॉक्टरसाहेबांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, खडा राहिला. सोमवारी पुन्हा उघडू. नत्थूजींच्या अंगात तेव्हा काय उरलं होतं? दोन माणसं धरून बसवायची. दुसरं ऑपरेशन ते सोसतील असं वॉर्डात कोणालाच वाटत नव्हतं. त्यांच्या घरच्यांनी गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबाला चादर कबूल केली.

मंडळी, औषधात हवा गेली तर तिचा बुडबुडा फोटोत असाच दिसतो. गोल, काळा, अगदी खड्यासारखा. हे मला माहीत होतं. ठिपका पाहिला त्याच क्षणी मला त्या दोनच टिचक्या आठवल्या. पण मी बोललो नाही. फोटो काढणं माझं काम, वाचणं डॉक्टरांचं, असं मी स्वतःला समजावलं. शुक्रवार गेला, शनिवार उजाडला. मी गप्प.

शनिवारी बाई अंधाऱ्या खोलीच्या दाराशी आल्या.

"हरिदासजी, ते हवा नसंन काय?"

मी म्हणालो, "साहेबांनी खडा म्हटलं आहे."

"साहेबांनी फिल्म पाह्यली. पिचकारी त आपण पाह्यली ना!"

मी पाण्यातल्या फिल्म खालीवर करत राहिलो. जणू काही फार महत्त्वाचं काम चाललं आहे. त्या वळल्या आणि गेल्या. थेट साहेबांकडे. आणि काय म्हणाल्या? "पिचकारीतली हवा काढायची राहिली. चूक माझी झाली. फोटो पुन्हा घेऊ द्या."

अध्यक्षमहाराज, त्या दिवशी आपण सिस्टरांना व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, फार बोललात. आपण बोललात ते रोग्याच्या काळजीपोटी, हे मी जाणतो. पण ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. घाई मी केली होती. बाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि माझं नाव घेतलं नाही. आजपर्यंत नाही. साडेतीन वर्षांनी मी ते आपल्यासमोर आणि या सभेसमोर सांगतो आहे. जी शिक्षा आपण द्याल ती मान्य आहे.

सोमवारी बाराच्या भोंग्याला दुसरा फोटो. बाईंनी पिचकारी उभी धरली आणि सात टिचक्या मारल्या. मी मोजल्या. मी म्हटलं, श्वास घ्या, धरा, हलू नका. बटण दाबलं. काचेतून पाहिलं, तर बाई डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, श्वास धरून उभ्या. कपाळावर घाम. एका परक्या म्हाताऱ्यासाठी आणि एका भित्र्या माणसाच्या चुकीसाठी. मी पाहतच राहिलो. आणि 'सोडा' म्हणायचं विसरलो.

शेवटी नत्थूजी ओरडले, "अबे बाबू, सोडू का नाई आता? फोटोच्या पायी जीव चालला ना माहा!"

हसा, हसा. बाईही हसल्या होत्या. सहा वर्षांत मी त्यांना तोंडाला पदर न लावता हसताना तेवढंच पाहिलं.

ठिपका नव्हता. वाट स्वच्छ, औषध सरळ आतड्यात उतरलेलं. नत्थूजींना फिल्म दाखवली तर ते म्हणाले, "हे त माह्या धुऱ्यावरचं बाभूळ दिसून राह्यलं!" आज ते आपल्या पायांनी चालत आले आहेत आणि सिस्टरांसाठी पायलीभर तूरडाळ घेऊन आले आहेत.

इथं खरं तर मी थांबायला हवं. अण्णाजी मघापासून खुणावत आहेत. पण बंधूंनो, माझी एक गोष्ट अर्धी राहिली आहे.

गेल्या मार्चात बाई पुन्हा त्याच दाराशी आल्या. हातात कागद. चांद्याच्या दवाखान्यात जागा निघाली होती. म्हणाल्या, "हरिदासजी, अर्ज लिवला. देऊ काय? तुमी म्हणान तसं करीन."

तुम्ही म्हणाल तसं करीन! एवढं कोणी कोणाला उगाच म्हणतं का? मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मला काय कळलं नाही? कळलं. तो कागद मी लाल दिव्याखाली धरला, वाचला, आणि म्हणालो, "बाई, तारीख टाकायची राहिली." आणि खिशातला पेन काढून मी स्वतःच्या हातानं तारीख टाकली. चौदा मार्च.

त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "हो ना. राह्यलीच होती." आणि गेल्या.

त्या दिवसापासून बाराचा भोंगा झाला की मला जेवण जात नाही.

मी असं का केलं? लोक काय म्हणतील, हा विचार केला. बाईंचं कुंकू सतराव्या वर्षी पुसलं गेलं, हे गावाला ठाऊक आहे. मी आईच्या आजारपणात लग्नाचा राहिलो, हेही ठाऊक आहे. पण आमच्या दोघांच्याही घरांत पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न होतं. आजोबा-पणजोबांपासून लागत आला आहे. लोक येतात, जेवून जातात, आणि आठ दिवसांत दुसऱ्या कोणाबद्दल बोलू लागतात. मग अडवत काय होतं? मी तीन महिने रोज तो प्रश्न उजेडात धरून पाहिला. खडा नव्हता. हवा होती. माझ्याच पिचकारीतली.

पहिल्या वेळी मी गप्प बसलो तेव्हा माझ्या जागी बाई बोलल्या. या वेळी त्या कशा बोलतील? त्यांचं तर विचारून झालं आहे. म्हणून हे चारचौघांत बोलण्याचं धारिष्ट केलं. एकांतात बोलायला माझ्याकडे तीन महिने होते, ते मी घालवले. बाई, यात तुम्हाला लाज वाटेल असं काही नाही. लाज सगळी माझी आहे, म्हणून ती मी सगळ्यांदेखत घेतो.

सहा वर्षं मी हजारो माणसांना 'हलू नका' म्हणत आलो, कामापुरतं. आज कामाशिवाय म्हणतो. सुलोचनाबाई, जाऊ नका.

टांगा दाराशी उभा आहे, पेटी त्यात चढली आहे, हे मला दिसतं आहे. चांद्याची गाडी साडेपाचला आहे, हेही माहीत आहे. पण फोटो बिघडला तर दुसरा घेता येतो, हे मला तुम्हीच शिकवलं.

असो. अध्यक्षमहाराजांनी दिलेल्या वेळेच्या बाहेर गेलो. त्यांचे, भैयाजींचे, चहा-चिवडा करणाऱ्या जयवंताबाईंचे आणि खुर्च्या देणाऱ्या शाळेचे सेवकवर्गाच्या वतीनं आभार मानतो. अण्णाजींचे विशेष आभार. त्यांची गंगा खिशातच राहिली. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते सभेनं आपल्या मुलाचं म्हणून पोटात घालावं. गप्प राहण्यात जे उणं झालं, त्याची क्षमा मात्र मी एकट्या बाईंकडे मागतो. ती लगेच द्या असं म्हणत नाही. घाई केली की हवा शिरते.

मी इथंच श्वास धरून उभा आहे, बाई. 'सोडा' म्हणायचं तेवढं आज तुमच्याकडे.