दोन हातांचं काम

औंढ्यातल्या दातांच्या दवाखान्यात शिला सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारच्या बाकावर शिरडचं एक म्हातारं जोडपं नुकतंच डॉक्टरांकडून बाहेर येऊन टेकलं होतं. लकव्यामुळे म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता; डाव्या हातात डॉक्टरांनी दिलेला नवा ब्रश होता.

“तो ब्रश आणा इकडं. रोज मीच घासून देत जाईन.”

“न्हाई. डाव्या हातानं शिकतो मी.”

“सकाळी हिरडीत खुपसला, रगत आलं. काहून हट्ट करून राहिले?”

“आंघोळ तू घालतीस, कपडे तू चढवतीस. दात तरी माझे मला घासू दे, पंचफुला.”

“लकव्याच्या बाजूला घास अडकून राहतो, तुमाला कळत बी न्हाई. तिथूनच कीड लागली म्हणले डाक्टर.”

“कळत न्हाई तर आरशात पाहून घासन. सकाळी बी, झोपताना बी.”

“अन् हा धागा? दातांच्या फटीतून फिरवायचा म्हणे. ह्याला दोन हात लागत्यात.”

म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला आणि धागा तिच्या हातातून घेतला. आतून शिलाचं नाव पुकारलं, तरी ती उठली नाही.

“एक टोक तू धर.”

“अन् दुसरं?”

“दुसरं माझ्या हातात. मी वढतो, तू ढील दे.”

“हितंच? लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. घरी जाईपर्यंत डाक्टरनं दाखवलेलं इसरन मी. धर बराबर, अन् सोडू नको.”

“म्या काहून सोडीन? तुमी वढा.”