विहीणबाईंनी साखर काढली

धंदा सोपा कर, सोपा कर, असं तूच म्हणायचीस ना? म्हणून मी कॉलेज रोडच्या काकूंसाठी केलेलं किचनचं डिझाइनच सगळ्या गिऱ्हाइकांना द्यायला लागले. डोक्याला ताप नाही, नफा दणकून! परवा काकूंकडे सत्यनारायणाला गेले. त्यांच्या पिंपळगावच्या नव्या विहीणबाई चहा करायला उठल्या आणि त्यांनी न विचारता बरोबर साखरेचा ड्रॉवर उघडला.

“तुम्हाला कसं कळलं?” काकूंनी विचारलं.

“आमच्याकडेही इथेच असते. आमचं किचनही या ताईंनीच केलंय, खास माझ्यासाठी.”

“अहो, पण मी डावखुरी, म्हणून माझं सगळं डावीकडे घेतलं होतं!”

प्रसादाचा घास माझ्या तोंडातच राहिला.

विहीणबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग हळूच मला म्हणाल्या, “ताई, नवं किचन झाल्यापासून घरात सगळे मला वेंधळी म्हणतात हो.”