रविवारी बिघडणारी डाळ

मुलगी: गार तेलात मोहरी टाकलीत. परत.

बाबा: गार होतं का? मला वाटलं, गॅसवर ठेवलंय म्हणजे तापलं असणार.

मुलगी: कापड मशीनखाली सरकवलं की आपोआप शिवून होतं का, बाबा?

बाबा: टोमणा बेतशीर बसला. आईवर गेलीस.

मुलगी: बोलण्यात गुंतवू नका मला. मागच्या रविवारी जिरं जाळलंत. त्याच्या आधी हळद दोनदा घातलीत. पातेलं, पळी, तुमची मिशी, सगळं पिवळं झालं होतं.

बाबा: वय झालं गं.

मुलगी: परवा वकिलांच्या कोटाची बाही सुतभर चुकली, तर अख्खी उसवून पुन्हा लावलीत. तेव्हा नाही झालं वय?

बाबा: कापड माझ्याशी बोलतं. डाळ बोलत नाही.

मुलगी: म्हणूनच मी आज त्यांना नाही म्हणून सांगणार आहे.

बाबा: कुणाला?

मुलगी: समुद्राकाठच्या त्या इस्पितळाला. मुख्य परिचारिकेची जागा देतायत. संध्याकाळपर्यंत फोन करून हो किंवा नाही सांगायचंय.

बाबा: आणि हे मला आत्ता कळतंय.

मुलगी: कळून काय करणार होतात? इथून गाडीनं जायचं तर दिवस मावळतो. तुम्हाला साधी डाळ करून खाता येत नाही, आणि मी तिकडे लाटा मोजत बसू?

बाबा: थांब. ते तेल ओतून टाक, दुसरं घे. आज जमेल मला.

मुलगी: आजच बरं जमेल.

शेजारीण: मास्तर, आहात ना? डबा द्यायला आले. अगं बाई, तूही आहेस. रविवार नाही का आज, विसरलेच.

बाबा: वहिनी, डबा तिथंच ठेवा. आम्ही जरा घाईत आहोत.

शेजारीण: ठेवते हो, पण सांगून तरी जाऊ द्या. बुधवारची डाळ काय झाली होती! आमच्या ह्यांनी डबा असा पुसून खाल्ला की मला घासायला काही उरलंच नाही.

मुलगी: कुणाची डाळ, काकू?

शेजारीण: कुणाची म्हणजे? मास्तरांची. त्यांनी लसूण तेलात सोडला की आमच्या मजल्यावरची दारं आपोआप किलकिली होतात. असं काय बघतेस गं? मास्तर, मी काही भलतंच बोलले का?

बाबा: नाही वहिनी. टीप उसवलीत, एवढंच.

शेजारीण: मी आपली निघते. दूध ठेवलंय गॅसवर.

मुलगी: बुधवारी खमंग लसूण.

बाबा: हं.

मुलगी: आणि रविवारी जळकं जिरं.

बाबा: वेळेवर जाळायलाही कसब लागतं. पहिल्यांदा मात्र खरंच जळलं होतं. तुझी आई नुकतीच गेली होती. तू आलीस, ओढणी खोचलीस, पळी हिसकावून घेतलीस आणि मला फाडफाड बोललीस. किती दिवसांनी ह्या घरात मला कुणी रागावत होतं. पुढच्या रविवारी वाटलं, जमतंय म्हणालो तर ही कशाला येईल?

मुलगी: आले नसते मी?

बाबा: आली असतीस. पाहुण्यासारखी. खुर्चीच्या कडेवर बसून चहा पिणारी.

मुलगी: आणि तुमच्या त्या पिवळ्या मिशीपायी मी आज ही जागा सोडणार होते.

बाबा: ते ऐकलं म्हणूनच म्हटलं, आज जमेल मला. लबाडी गोड होती तोवर ठीक. आता ती तुझ्या अंगाला घट्ट व्हायला लागली.

मुलगी: दर रविवारी तसलं खाल्लंत तरी कसं?

बाबा: तू दुरुस्त केलेलं खाल्लं. आता निघालंच आहे तर सांगू? रागावू नकोस. तुझी डाळ आजारी माणसाला चांगली.

मुलगी: म्हणजे?

बाबा: मीठ घाबरत, हिंग लाजत. ताटात आली तरी आत येऊ का म्हणून विचारते.

मुलगी: वर्षभर मिटक्या मारत होतात की.

बाबा: बाप आहे. पण तिकडे तुला कोण करून घालणार? ये, उभी राहा इथं. डाळीला उकळी आली बघ.

मुलगी: झाकण घालू?

बाबा: आई काय म्हणायची?

मुलगी: डाळ जाते उतू बाई, झाकण अर्धं ठेवावं. पुढचं मला आठवतच नाही.

बाबा: तू जवळ असलीस की पुढचं म्हणायचीच नाही ती. लेक जाते दूर बाई, दार उघडं ठेवावं.

मुलगी: कांदा तर चिरलाच नाही आज. तुमच्या डोळ्यांना काय झालं?

बाबा: वाफ आहे. तेलावर हात धर. ऊब लागली? अजून थोडं. आता मोहरीचा एकच दाणा टाक. तो नाचला की बाकीच्यांना बोलाव. मग हिंग, न लाजता. लसूण कडेनं सोनेरी झाला की ओत. मधोमध सोनेरी व्हायची वाट बघितलीस, तर उशीर झाला समज.

मुलगी: तुम्ही कुठं चाललात?

बाबा: मशीनवर. वकिलांचा कोट राहिलाय.

मुलगी: बघणार नाही?

बाबा: तिथून काय दिसणार आहे मला? इथं उभा राहून बघायची सवय आता मोडायला हवी.

(बाहेर शिवणयंत्राची खडखड सुरू होते. आत चर्र आवाज. खडखड थांबते.)

मुलगी: बाबा, आला का वास?

बाबा: आला. लाव फोन त्यांना.